सनसन ३०३बी: ऑस्करच्या टाकीला पुरतो का?

सनसन ३०३बी हा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. पुरतो, पण पाणी बदलायला बादली उचलायची तयारी असेल तरच. हे आधीच सांगतो, कारण ‘एकदा फिल्टर लावला की बघायला नको’ अशा समजुतीनं लोक मोठे मासे आणतात आणि महिन्याभरात मासे दगावतात.

सांगलीत विश्रामबागला माझं सलून आहे. गिऱ्हाईक बसतं त्या बाकासमोर ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आहे. काठोकाठ भरली तर साधारण २५५ लिटर पाणी. त्यात ऑस्करची जोडी. जोडीला याहून लहान टाकी देऊच नका. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा चांगला फूटभर वाढतो. गोळी चावताना निम्मा चुरा कल्ल्यांतून बाहेर सोडतो आणि घाणही अंगाच्या मानानंच करतो. शिवाय गोटे तोंडात धरून टाकीभर हलवतो. मी सगळे गोटे काढून तळ मोकळा ठेवलाय, त्यामुळे विष्ठा लगेच दिसते आणि पाइपनं ओढून घेता येते.

कागदावर हा कॅनिस्टर ताशी १४०० लिटरचा आहे, म्हणजे माझ्या टाकीचं पाणी तासात पाच वेळा फिरायला हवं. ट्रे भरले, स्पंजात गाळ बसला की कुठल्याही कॅनिस्टरचा जोर उतरतो, ते धरून चाला. आत तीन ट्रे आहेत. पाणी खालून वर चढतं, म्हणून खाली जाड स्पंज, मध्ये सिरॅमिक रिंगा, वर पांढरा कापूस. पाण्याचा रंग-वास शोषणारी कार्बनची पुडी मी घातली नाही, तिची जागा रिंगांना दिली. आवाज इतका कमी की चंपी करून घेताना माणसं त्याच्याशेजारी झोपतात.

नव्या टाकीत मात्र फिल्टर सुरुवातीला नुसतं गाळणं असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो माशांना विषारी. रिंगांवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मित्राच्या चालू टाकीतला वापरलेला स्पंज आणून मी खालच्या ट्रेत घातला आणि टेस्ट किटमध्ये अमोनिया-नायट्राइट शून्य दिसेपर्यंत खाणं अगदी बेतानं टाकलं. ३०३बीमध्ये ९ वॉटचा यूव्ही दिवा आहे. पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ तो मारतो, पाणी काचेसारखं दिसतं. पण अमोनियाला त्या दिव्याचा धक्काही लागत नाही. नुसत्या चकाकीवर विसंबू नका.

फिल्टरनं ओढलेली विष्ठा त्या डब्यात साठते आणि टाकीचंच पाणी तिच्यातून फिरत राहतं. म्हणून आत जाणाऱ्या नळीच्या तोंडाला एक साधा स्पंज बसवा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त उपयोग त्याचा झाला. मोठे तुकडे तिथंच अडतात, दर आठवड्याला पाणी बदलताना तो पिळायचा, मग डबा वारंवार उघडावा लागत नाही. धुवायचं ते टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं.

शेवटी उरणारं नायट्रेट हा फिल्टर काढत नाही, त्याला बादलीच हवी. मी आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलतो. महापालिकेचं कृष्णेचं पाणी आधी पिंपात भरून त्यात अँटी-क्लोरीन घालतो. पावसाळ्यात गढूळ आलं तर गाळ बसू देतो.

लाईट गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. बराच वेळ बंद राहिला असेल तर चालू करताना पहिलं वासाचं पाणी बादलीत सोडा, टाकीत नको. मोटर ३५ वॉटची, इन्व्हर्टरवर सहज चालते. एप्रिल-मेमध्ये गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो, म्हणून सोबत बॅटरीचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ठेवलाय.

जोडीपेक्षा जास्त ऑस्कर असतील किंवा टाकी मोठी असेल तर ताशी २००० लिटरचा ३०४बी घ्या. त्याहून बरं म्हणजे ३०३बीच दोन लावा. आलटून पालटून धुता येतात आणि सगळे जिवाणू एकदम जात नाहीत.