रॉक बँडसाठी सतार निवडताना: भोपळ्याची की इलेक्ट्रिक?

सायकेडेलिक आणि प्रोग्रेसिव्ह रॉक मनापासून ऐकणाऱ्या वादकाला कधी ना कधी आपल्या बँडमध्ये सतार आणावीशी वाटते, आणि मग पहिलाच प्रश्न उभा राहतो तो कोणती सतार आणायची हा, कारण त्या ध्वनिमुद्रणांमध्ये सतार म्हणून जे ऐकू येते ते सगळे एकाच वाद्यातून आलेले नाही. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने आणि १९६६ च्या 'पेंट इट ब्लॅक'मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने वाजवली ती आपली भोपळ्याची, तरफांची (म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांची) सतार. स्टीली डॅनच्या 'डू इट अगेन'मधला १९७२ सालचा डेनी डायसचा एकल तुकडा किंवा त्याच वर्षीच्या 'क्लोज टू द एज' या अल्बममधले येसच्या स्टीव्ह हाऊचे वादन मात्र इलेक्ट्रिक सतारीवरचे आहे, आणि ते वाद्य घडणीने गिटारच आहे. मी पुण्यातल्या पाच जणांच्या बँडमध्ये सुमारे दोन वर्षे दोन्ही वाजवून पाहिल्या आणि त्यानंतर एक ठेवली. माझ्या अनुभवाला मोजमापाची जोड नाही, आणि तुमचा बँड वेगळ्या तऱ्हेचा असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल, हे आधीच सांगतो.

इलेक्ट्रिक सतारीमागचा हेतू समजून घेतला तर तिच्यावर अन्याय होणार नाही. न्यू यॉर्कच्या स्टुडिओंमध्ये वाजवणारे गिटारवादक व्हिन्सेंट बेल यांनी ती डॅनइलेक्ट्रो कंपनीसाठी तयार केली आणि १९६७ मध्ये ती कोरल या नावाने बाजारात आली. सतारीची बैठक, नखी आणि पडद्यांवरचा हात कमावण्यात वर्षे न घालवता गिटारवाल्याला तो झंकार देता यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्यासाठी तिला सहा मुख्य तारा, वरच्या अंगाला तेरा तरफा आणि जवारीसारखा (सतारीच्या घोडीच्या घासून घडवलेल्या पृष्ठभागामुळे तारेला येतो तसा) झणझणाट करणारी सपाट, रुंद घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, दिलेली आहे. मूळ कारखाना १९६९ मध्ये बंद पडला, त्यामुळे आज हाती येते ती बहुधा त्याच धर्तीवर नंतर बनवलेली प्रत. माझ्याकडे होती तीही तशीच.

तुम्ही गिटारवादक असाल आणि एखाद्या गाण्यात आठ मात्रांपुरता तो रंग हवा असेल, तर इथेच थांबून इलेक्ट्रिक घ्यावी असे मी मोकळेपणाने म्हणेन. खुद्द हॅरिसन १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे शिकण्यासाठी मुंबईत येऊन राहिला, सतारीवर त्याने मनापासून मेहनत घेतली, आणि तरीही काही वर्षांत तो गिटारकडे परतला. त्याच्या पुढच्या स्लाइड गिटारमध्ये मला मींडेची, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची, ओढ ऐकू येते, त्यामुळे ती मेहनत वाया गेली असे मी म्हणणार नाही; पण सतार जोडकाम म्हणून हाताशी धरता येत नाही, एवढे त्यावरून कळते.

मंचावरची सोय पाहिली तरी इलेक्ट्रिकचे पारडे जड आहे. भोपळ्याच्या सतारीचा आवाज माइकमधून घेणे हे साठच्या दशकापासूनचे दुखणे आहे. 'नॉर्वेजियन वुड'च्या वेळी ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ यांना याचाच त्रास झाला होता: आघाताबरोबर मीटरचा काटा लाल पट्ट्यात जायचा आणि कानाला मात्र त्या मानाने आवाज मिळायचा नाही. आमच्याकडे त्याहून मोठी अडचण तरफांची होती. बेस गिटारने षड्ज धरला की मी हात न लावताही तरफा बोलू लागत, घोडीजवळचा पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे उपकरण) तो आवाज स्पीकरकडे पाठवी, स्पीकर तो पुन्हा भोपळ्यात सोडी आणि काही क्षणांत सगळीकडे घुमारा भरून जाई. इलेक्ट्रिक सतारीत तरफांचा पिकअप वेगळा असतो आणि त्याचा आवाज एका बटणाने बंद करता येतो. भोपळ्याच्या सतारीवर मी उपाय केला तो असा, की तरफांमधून सुती कापडाची पट्टी ओवली, चारपाच तरफा तेवढ्या मोकळ्या ठेवल्या आणि ड्रमपासून शक्य तितके दूर बसलो. काम भागते, पण तरफांचे ऐश्वर्य थोडे गमवावे लागते, हे मान्य केले पाहिजे.

पट्टीचा प्रश्नही आहे. माझी सतार पांढरी दोनमध्ये (म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी षड्ज धरून) लागते, फार तर काळी एकपर्यंत खाली येते. गाणे पांढरी तीनमध्ये आणि पुढचे पांढरी सहामध्ये असेल, तर मधल्या दोन मिनिटांत सगळ्या तरफा नव्याने लावणे माणसाच्या हातून होण्यासारखे नाही. शिवाय पडदे बाराही स्वरांचे नसल्यामुळे झपाट्याने कॉर्ड बदलणाऱ्या, अर्ध्या स्वरांनी चढत जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रचनांमध्ये सतार अडखळते. सायकेडेलिक वळणाच्या गाण्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण त्यातली बरीचशी गाणी एकाच आधारस्वराला धरून राहतात आणि सतारीला नेमके तेच मानवते. आम्ही सतारीची चारही गाणी पांढरी दोनमध्ये आणली. गिटारवाल्याची काही तक्रार नव्हती, गायकाला मात्र एका गाण्यात बराच त्रास झाला.

इतके सगळे इलेक्ट्रिकच्या बाजूने असताना मी ती का सोडली, याचे कारण एकच आहे आणि ते पहिल्या महिन्यात माझ्या लक्षातही आले नव्हते. आमच्या एका लांब गाण्यात ऑर्गन सबंध एक आवर्तन षड्ज-पंचम धरून ठेवतो आणि त्यावर मला तार सप्तकातल्या गंधारावर जाऊन थांबायचे असते. त्या गंधारावर प्रत्येक वेळी काहीतरी खुपायचे. खुली तार ट्यूनरवर बरोबर दिसे, खालचे स्वरही जुळत, पण वर जावे तसतसा सूर ऑर्गनपासून सुटत जाई. तो पूर्ण बेसूर नव्हता, कणसूर होता, आणि कणसूर अधिक त्रासदायक असतो, कारण ऐकणाऱ्याला चूक सापडत नाही, नुसती अस्वस्थता जाणवते. साध्या इलेक्ट्रिक गिटारवर बहुधा प्रत्येक तारेला स्वतःचा छोटा टेकू असतो आणि तो पुढेमागे करून वरचे स्वर जुळवता येतात. इथे सगळ्या तारा एकाच रुंद पट्टीवर पसरलेल्या, आणि झणझणाटासाठी तार त्या पट्टीला घासत राहणार, म्हणून तिची लांबी नेमकी कुठे संपते हेच पक्के राहत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ती पट्टी तिरकी करून पाहिली, तेव्हा पहिली तार जुळली आणि तिसरी गेली. पडद्यांच्या धातूच्या पट्ट्या दांडीत ठोकलेल्या असल्यामुळे आणखी काही करण्यासारखे उरले नाही. सहा महिने मी तो गंधार टाळून वाजवत होतो, आणि ज्या स्वरासाठी ते गाणे बांधले तोच टाळायचा, हे शेवटी सहन होईना.

मग घरची मिरजेची सतार तालमीला नेली. जवारीची अनिश्चितता तिच्यातही आहेच, कारण तिथेही तार रुंद घोडीवर घासतच जाते. फरक एवढाच की तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि ते त्याच घोडीला, त्याच तारेला, वादकाच्या कानाने जुळवलेले असतात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या आपल्या स्वयंभू गंधारापेक्षा कीबोर्डचा गंधार किंचित चढा असतो, म्हणून मी तो पडदा तांदळाच्या दाण्याएवढा घोडीकडे सरकवला आणि ऑर्गनबरोबर सूर मिळाला. उरलेसुरले बोट ओढून भागवता येते. मींडेबद्दल वेगळे लिहायला नकोच: सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर ओढता येतात, इलेक्ट्रिकवर मला दीड-दोन स्वरांपलीकडे जाता आले नाही, आणि त्यामुळे त्या वाद्यावरचे माझे प्रत्येक वाक्य झणझणाट चढवलेल्या गिटारचे वाक्य होऊन बसत असे. झणझणाटही पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत एकाच जातीचा येई. स्वर उघडत जाऊन मावळण्याचा जो प्रवास जवारीत ऐकू येतो, तो मला तिथे सापडला नाही. कदाचित माझ्याकडची प्रत सामान्य असेल, उत्तम मूळ वाद्यावर हे दोष कमीही असतील.

देखभालीत सतार जास्त मागते. जवारी झिजते आणि ती जाणत्या हातानेच काढून घ्यावी लागते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मिरज जवळ असल्यामुळे ही अडचण तितकीशी मोठी राहत नाही. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परदेशात राहून बँड चालवणाऱ्याने मात्र याचा विचार आधी करावा, कारण जवारी बिघडली की वाद्य महिनोन्महिने पडून राहू शकते. त्याला इलेक्ट्रिक सुचवताना मला संकोच वाटणार नाही.

शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी दोन्ही वाद्ये एकदा तालमीला न्यावीत. कीबोर्डवाल्याला षड्ज-पंचम धरून ठेवायला सांगावे, तार सप्तकातल्या गंधारावर थांबावे आणि स्वर विझेपर्यंत ऐकावे.