त्वचारोपणानंतर कोणते ड्रेसिंग: टाय-ओव्हर की ऋणदाब यंत्र?

जखमेवर बसवलेला त्वचेचा पातळ थर, म्हणजे ग्राफ्ट, पहिले एक-दोन दिवस खालून पाझरणाऱ्या द्रवावरच तगतो. त्यानंतर दोन्हीकडच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या एकमेकींशी जुळू लागतात आणि साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत रक्ताभिसरण स्थिरावते. या काळात ग्राफ्टखाली रक्त किंवा पाणी साचले, ग्राफ्ट जागेवरून सरकत राहिला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर तो धरत नाही. म्हणून ड्रेसिंग निवडताना पाहायचे ते इतकेच, की या तीन संकटांपासून ते ग्राफ्टला कितपत वाचवते.

टाय-ओव्हर ड्रेसिंगमध्ये ग्राफ्टवर पॅराफिन गॉज (न चिकटणारी, पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी), त्यावर कापसाची किंवा गॉजची गादी ठेवतात आणि कडेच्या टाक्यांचे लांब सोडलेले धागे त्या गादीवर आवळून बांधतात. लहान, सपाट आणि फारशी हालचाल नसलेल्या जागी ही जुनी पद्धत उत्तम काम करते, तिला वीज लागत नाही आणि खर्चही नाममात्र येतो. तिची उणीव दिसते ती खोलगट किंवा मोठ्या जखमेत: गादीचा दाब सर्वत्र सारखा पडत नाही, सूज उतरली की धागे सैलावतात आणि साचलेला स्राव बाहेर खेचून नेण्याची सोय तिच्यात नसते.

ऋणदाब ड्रेसिंगमध्ये ग्राफ्टवर आधी न चिकटणारी जाळी, तिच्यावर स्पंज आणि त्यावर हवाबंद पारदर्शक पट्टी लावून नळीवाटे सतत खेच दिली जाते. खेच सुरू होताच फुगीर स्पंज आक्रसून हाताला कडक लागतो आणि उंचसखल पृष्ठभागावर ग्राफ्ट सारखा दाबून धरतो; स्राव जमा होण्याआधीच यंत्राच्या डब्यात जातो. यंत्राचा नेहमीचा दाब उणे 125 मिलिमीटर पारा असला, तरी ग्राफ्टसाठी अनेक सर्जन तो 75 ते 100 पर्यंत कमी ठेवतात. हा दाब अखंड असावा, कारण थांबून-थांबून दिलेली खेच ग्राफ्टला हलवते. जाळी मात्र कधीही वगळू नये. ती नसेल तर स्पंज काढताना नुकताच धरलेला ग्राफ्टही त्याच्याबरोबर उचलला जाऊ शकतो.

सांध्याजवळची, पायावरची, खोलगट किंवा जास्त पाझरणारी जखम असेल, तर माझा कौल यंत्राकडे झुकतो. स्वतंत्रपणे हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाच्या पाठीवरच्या ग्राफ्टलाही त्याचा आधार मोठा असतो. उलट, हाताच्या पंजाएवढ्या सपाट जखमेसाठी यंत्र मागणे म्हणजे बहुतेकदा खर्च वाढवणे होय. अर्थात जखमेचा पायाच खराब असेल, त्यात मृत पेशी किंवा उघडे हाड असेल, तर दोन्हींपैकी कोणतेही ड्रेसिंग त्याची भरपाई करत नाही.

यंत्र कुठे टाळावे, हे सर्जनशी बोलताना स्पष्ट विचारावे. जखमेत कर्करोग, उघडी मोठी रक्तवाहिनी किंवा उपचार न झालेला हाडाचा संसर्ग असल्यास ते लावत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास विशेष सावधगिरी लागते. पट्टीच्या चिकट पदार्थाची ॲलर्जी आधीच सांगावी.

यंत्र निवडलेच, तर त्याची निगराणी करणारे कोणी जवळ हवे. पट्टीच्या कडेने हवा शिरली की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, स्पंज पुन्हा फुगतो आणि गजर वाजतो. अशा वेळी नर्सला तत्काळ बोलवावे, कारण खेच बंद पडून तास-दोन तास गेले की साचलेला स्राव ग्राफ्टला वर उचलू लागतो. डबा अचानक ताज्या लाल रक्ताने भरू लागला, तर यंत्र लगेच थांबवून डॉक्टरांना बोलवायचे असते.

टाय-ओव्हर असो वा यंत्र, सर्व ठीक असेल तर पहिले ड्रेसिंग बहुधा पाचव्या दिवसाच्या आसपास उघडतात. मांडीवरून त्वचा घेतली असल्यास ती जागा रोपणाच्या जागेपेक्षा अधिक दुखते, हे रुग्णाला सहसा कोणी आधी सांगत नाही. रोपणाच्या जागेवरच्या ड्रेसिंगच्या निवडीने त्या वेदनेत काहीच फरक पडत नाही, तेव्हा तिच्यासाठीची औषधे वेगळी विचारून घ्यावीत.