व्हेंटिलेटर, वॉर्ड की घर: सही करण्याआधी

आयसीयूच्या दारातून एक तरुण डॉक्टर बाहेर आले, हातात फॉर्म. "ट्यूब टाकावी लागेल, सही करा." माझे थोरले दीर मागून म्हणाले, "सगळं करा डॉक्टर, पैशाचं बघू नका." मी सही केली. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, पूर्ण बरा न होणारा धापेचा आजार) होऊन बारा वर्षं झाली होती, घरी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालायचं, आणि त्या वर्षातली ही तिसरी अ‍ॅडमिशन. सही केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी हे गेले. दोन वर्षं झाली, मी त्या सहीशी भांडतेच आहे.

त्या दिवशी माझ्यापुढे एकच कागद होता. खरं तर वाटा चार-पाच होत्या. आज त्या दारात उभ्या असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून त्या शेजारी शेजारी मांडते.

आधी एक सांगते. माणूस चांगला हिंडता-फिरता होता आणि अचानक न्यूमोनिया, अपघात, साप चावणं असं काही झालं असेल, तर तुलना करत बसू नका, नळी टाकू द्या. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, आजार बरा होईपर्यंत श्वास चालवतो. पुढचं सगळं लिहिलंय ते बरं होण्यासारखं फारसं उरलेलं नसतं त्यांच्यासाठी.

आयसीयूत "सगळं करा"

ही वाट नातेवाइकांना सर्वांत सोपी. कुणी नावं ठेवत नाही. पेशंटला मात्र ती जड जाते. घशात नळी असली की बोलता येत नाही, गुंगीचं औषध चालू असतं, नळी उपसू नये म्हणून मनगटं कापडी पट्ट्यांनी बांधतात. बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टोमी केली, त्याचीही सही माझीच. भेट संध्याकाळी दहा मिनिटं. एकदा गुंगी कमी केली होती तेव्हा यांनी बोटाने माझ्या तळव्यावर 'पा' काढला आणि हात गळाला. पाणी म्हणायचं होतं की आणखी काही, मी अजून ठरवू शकलेले नाही. शेवटच्या रात्री छाती दाबली, ते मी काचेतून पाहिलं. थकलेल्या म्हाताऱ्या शरीरात त्याने बरगड्या मोडतात, आणि हृदय पुन्हा चालू झालंच तरी माणूस घरी परतणं विरळा, हे मला नंतर कळलं.

मेडिक्लेम मुख्यतः दवाखान्यात असेपर्यंतच पैसे देतो, त्यामुळे हिशेबही नकळत इकडेच ओढतो. घरच्या नर्सचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

मुदत घालून व्हेंटिलेटर

हे मला माहीतच नव्हतं, आणि माझी खरी हळहळ इथे आहे. ट्यूब टाकायची, पण आधीच ठरवायचं: तीन दिवस किंवा पाच दिवस, त्यात अमुक सुधारणा दिसली तर पुढे, नाही तर थांबायचं आणि फक्त त्रास कमी करायचा. आशा सुटत नाही आणि माणूस यंत्रावर अडकूनही राहत नाही. मात्र ही मुदत पहिल्याच दिवशी बोलून घ्यावी लागते. बाराव्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नाही.

"वाचतील का?" असं विचारू नका, त्याला "प्रयत्न चालू आहेत" हेच उत्तर मिळतं. "मागच्या महिन्यात होते तिथपर्यंत तरी परत येतील का?" असं विचारा. डॉक्टर थोडे थांबले तर त्या थांबण्याचाही अर्थ लावा.

वॉर्डात, मास्कपर्यंत

यांच्यासारख्या फुफ्फुसाच्या पेशंटला बायपॅपचा मास्क (घशात नळी न घालता दाबाने हवा देणारा) लावून पाहतात. मास्कपर्यंत जायचं, नळी नाही, छाती दाबायची नाही, असं ठरवता येतं. छाती न दाबण्याच्या निर्णयाला डीएनएआर म्हणतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2020 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्याचा अर्थ उपचार बंद असा होत नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन सगळं चालू राहू शकतं. धाप फार लागली तर थोड्या मात्रेत मॉर्फीन देतात, नीट मात्रेत दिलेलं मॉर्फीन माणसाला मारत नाही. उशाशी आपण बसू शकतो. आज कोणी मला विचारलं तर मी आधी याच वाटेकडे बोट दाखवीन.

घरी: यात दोन प्रकार

एक तयारीने नेणं. पॅलिएटिव्ह डॉक्टर (आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारे), मॉर्फीन, ऑक्सिजन, रात्रीला माणूस. घरघर लागली की घरचे घाबरून पुन्हा अँब्युलन्स बोलावतात, तेव्हा ती घरघर कमी करायचं औषध आधीच घरात हवं. तोंड कोरडं पडतं, ओल्या कापसाने ओठ पुसत राहायचे. आणि येऊन पाहणारा, मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर आधी ठरवून ठेवायचा. घरच्या मृत्यूला फॉर्म 4अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, लागतो, नोंद 21 दिवसांत.

दुसरा डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून नेणं. शेजारच्या बेडवरच्या आजोबांना असंच नेलं. अंबूबॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत जिन्यावरून घरी, तिथे नळी काढली, धाप शमवायला औषध काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सूनबाई दाखल्यासाठी डॉक्टर शोधत दवाखान्यात परत आल्या होत्या. सगळ्या वाटांत ही सर्वांत वाईट, आणि आपल्याकडे सर्रास घेतली जाते.

जमत असेल तर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांत त्रास कमी करून सांभाळणारं केंद्र, पाहा. मुंबईत शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, गोव्यात लोटलीलाही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र, पैसे घेत नाहीत. पण ही मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी आहेत, आमच्यासारख्यांना दार सहज उघडत नाही.

कायद्याचं

"मशीन काढणं कायद्यात बसत नाही" असं कॉरिडॉरमध्ये हमखास ऐकू येतं. पण सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला मशीन काढणं मान्य केलंय, आणि 24 जानेवारी 2023 ला पद्धत सोपी केली. दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ, दोघांनी शक्यतो 48-48 तासांत मत द्यायचं. मॅजिस्ट्रेटला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. पेशंटने शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र नसेल तर नातेवाइकांची संमती चालते. दवाखाने टाळाटाळ करतात, तेव्हा लेखी मागा.

माझ्यापुरता असा इच्छापत्राचा कागद मी दिवाळीनंतर केला. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, तेवढं पुरतं. माझ्या वतीने बोलणाऱ्यांत मुलाचं आणि थोरल्या दिरांचं नाव घातलं. दिरांनी कागद वाचला, चष्मा काढून दोनदा पुसला आणि विचारलं, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं का?" मी चहा टाकायला आत गेले.