व्यक्तिमत्त्व विकाराची तपासणी: पुण्यातील एका केंद्राचा अनुभव

समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराची शंका असलेला माणूस आपणहून डॉक्टरांकडे क्वचितच जातो. माझा मेहुणाही पत्नीने माहेरी निघून जाण्याची तयारी केल्यावरच या केंद्रात यायला राजी झाला. त्याआधी एका डॉक्टरांनी काही मिनिटांच्या बोलण्यावरून हेच निदान चिठ्ठीवर लिहून दिले होते. येथील मानसोपचारतज्ज्ञांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवून पहिल्यापासून चौकशी केली, आणि त्याच कारणासाठी मी हे केंद्र आवर्जून सुचवतो.

हा विकार रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेनुसार व्यक्तीचे वय किमान १८ असावे लागते, कायदा मोडणे, खोटेपणा, उतावीळपणा, मारामारी, बेफिकिरी, बेजबाबदारपणा आणि पश्चात्तापाचा अभाव या ७ लक्षणांपैकी किमान ३ लक्षणे वयाच्या १५ व्या वर्षापासून आढळावी लागतात, आणि त्या वयाआधीच वर्तन विकाराची, म्हणजे लहानपणी नियम आणि इतरांचे हक्क सतत मोडत राहण्याची, सुरुवात झाल्याचा पुरावाही लागतो. घाईत नेमका हा पुरावाच राहून जातो. येथे सासूबाईंना वेगळे बसवून शाळा बुडवणे, घरातून पळून जाणे, चोरी, मुक्या प्राण्यांना इजा करणे यांविषयी एकेक गोष्ट विचारली गेली. त्यांनी जपून ठेवलेली प्रगतिपुस्तके मागवण्यात आली, तेव्हा सातवीच्या पुस्तकावरील वडिलांची सही खोटी असल्याचे डॉक्टरांच्याच लक्षात आले. आम्हा घरच्यांना ते इतकी वर्षे दिसले नव्हते.

चुलतभावाची दुचाकी परस्पर विकल्याबद्दल विचारल्यावर मेहुणा शांतपणे म्हणाला, "त्याच्याकडे दुसरी होती की." ते वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले गेले. मात्र तेवढ्यावर न थांबता, हे वागणे केवळ दारूच्या अमलाखालचे किंवा द्विध्रुवीय विकारातील (बायपोलर) उन्मादाचे तर नाही ना, याचीही खातरजमा झाली. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची सूची सायकोपथी, म्हणजे भावनाशून्य आणि कावेबाज स्वभाव, मोजते, ती आणि हे निदान एक नव्हे, हेही आम्हाला नीट समजावण्यात आले.

हा विकार बरा करणारे औषध नाही, उपचार व्यसन, राग आणि नैराश्य यांवर होतील, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ऐकायला जड गेले, तरी खोटी आशा न दाखवल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

उणिवा दोन आहेत. प्रत्येक बैठकीचे शुल्क आधी सांगितले जात नाही, आणि अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो, त्यामुळे ज्यांच्या आठवणींवर निदान उभे राहिले त्या सासूबाईंना तो वाचता आला नाही.