पीएसपीची शंका: आणखी एक स्कॅन, की त्याच डॉक्टरांकडे पुन्हा?

पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) म्हणजे पार्किन्सन्ससारखा भासणारा, नजर आणि तोल बिघडवणारा मेंदूचा आजार. पार्किन्सन्सच्या गोळ्यांनी फारसा फरक नाही, माणूस मागच्या मागे पडतोय आणि एमआरआय होऊन गेलाय. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या फेऱ्या मारणाऱ्या घरांपुढे मग प्रश्न उरतो की आता ट्रोडॅट किंवा पेट असा मेंदूचा आणखी एक स्कॅन करायचा, की एकच न्यूरॉलॉजिस्ट धरून दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं? बाबांच्या वेळी आम्ही दोन्ही केलं.

एमआरआयवर मध्यमेंदू आक्रसून 'हमिंगबर्ड'चा आकार दिसला तर शंका बळावते, पण सुरुवातीला तो दिसेलच असं नाही. ट्रोडॅट डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींची घट दाखवतो. ती पार्किन्सन्समध्येही असते, त्यामुळे दोघांतला फरक त्यावरून कळत नाही. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो हे दाखवणारा एफडीजी पेट त्या मानाने उपयोगी. मला खटकली ती रिपोर्टची शेवटची ओळ, 'क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड', म्हणजे रुग्णाला तपासून ताडून बघा. एवढा खर्च करून, बाबांना त्या थंड खोलीत पडून ठेवून, पुन्हा डॉक्टरांच्याच दारात! माझं मन तिथेच वळलं.

डॉक्टरांनी काय केलं? डोकं न हलवता छताकडून जमिनीकडे बघायला सांगितलं. बाबांची नजर खाली जाईचना. मग समोर एका ठिकाणी नजर ठेवायला सांगून त्यांनी हळूच बाबांची हनुवटी वर उचलली, तर डोळे सहज खाली गेले. म्हणजे डोळ्यांच्या नसा, स्नायू ठीक. बिघाड त्यांच्या वरच्या नियंत्रणात. ताटातली भाजी बाबा का सोडून देत होते, जिन्यावर का अडखळत होते, ते आम्हाला तेव्हा उमगलं. पुढच्या भेटीत आम्ही चालतानाचे, जेवतानाचे मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवले. त्यांतून बिघाडाचा वेग कळला.

पीएसपीच्या निदानाच्या २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही गाभा नजर, तोल, हालचालींचा मंदपणा आणि विचारशक्ती या चारांचाच आहे, स्कॅन पूरक. पूर्ण खात्री तर मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

तरी लक्षणं सरमिसळ असतील आणि डॉक्टर स्वतः पेट सुचवत असतील, तर जरूर करा. एमआरआय तर हवाच, मेंदूत पाणी साचणं किंवा पक्षाघाताचे छोटे झटके वगळायला. पण पैसा आणि रुग्णाची ताकद बेताचीच असेल, तर मी ती दोन्ही डॉक्टरांच्या भेटींवर खर्च करीन. ओपीडीत गर्दी असते, म्हणून शेवटचा नंबर मागून घ्या आणि खाली बघण्याची तपासणी झाली का, हे नक्की विचारा. गिळताना ठसका लागतो का, तेही सांगा. त्यासाठी निदान पक्कं होईपर्यंत थांबू नका.