टिळकवाडीतलं स्पीच थेरपी सेंटर: फी पोराची, शिकवणी आईबापाची

आमचा मुलगा बोलताना अडखळतो (तोतरेपणा), त्यासाठी आम्ही इथं जातो. सरळ सांगते, 'पोराला सोडतो आणि तासाभरानं न्यायला येतो' अशी ट्यूशनसारखी सोय ज्यांना पाहिजे त्यांनी इथं जाऊ नका. इथं पोरापेक्षा जास्त आईबापाला शिकायला लागतंय. मला ते पटलं, आमच्या ह्यांना सुरवातीला अजिबात पटलं नाही, सेशनला पाचशे रुपये द्यायचे आणि परत आपणच चटईवर बसून पोराशी बोलायचं तर मॅडम काय करूलेत असा त्यांचा सवाल होता, आणि सवाल काही चुकीचा नाही, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

सेंटरचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिणार आहे, आणि बेळगाव केवढंसं आहे, ज्यांना गरज आहे त्यांना दोन ठिकाणी विचारलं की कळतंय.

मुलगा चार वर्षांचा, एलकेजीला जातो. घरात मराठी, गल्लीत निम्मी कन्नड, शाळेत इंग्लिश. तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड बंद नसायचं आणि मग आठवड्याभरात 'म म म मला' सुरू झालं, पुढं पुढं तर आवाजच फुटेना, मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, आणि मग एकदम शब्द बाहेर. त्यावर सल्ल्यांचा पाऊस. वेखंड मधात उगाळून जिभेला लावा, कशाला तरी भ्यालाय अंगारा लावा, जिभेखालची तार कापून घ्या, कन्नड बंद करा डोक्यात दोन भाषांचा गोंधळ होऊलाय. एका ठिकाणी चौकशीला गेलो तर बोर्डावरच गॅरंटी लिहिलेली, आणि आत फुगे फुगवायला देणार, दातात पेन्सिल धरून वाचायला लावणार म्हणाले. चार वर्षाच्या पोराला वाचता कुठं येतंय! चहा न घेता उठलो तिथून.

टिळकवाडीच्या मॅडमचं पहिलं वाक्य होतं की गॅरंटी देणार नाही. माझ्या दृष्टीनं पहिले मार्क तिथंच. पहिल्या दिवशी चांगला तासभर घेतला (त्याचे आठशे घेतात), कधी सुरू झालं, वाढलं की कमी झालं, घरात अजून कोण अडखळतंय, ऐकू नीट येतंय का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग पोराला गाड्या आणि प्राण्यांचा डबा दिला आणि बोलतं केलं, स्वतः मराठीतनं, थोडा धारवाडी हेल असलेली पण छान मराठी, आणि नंतर शिकाऊ मुलीनं कन्नडमधनं. मोबाईलवर घरातला व्हिडिओ पण मागितला, कारण नवीन माणसासमोर पोरं कधी अजिबात अडखळत नाहीत आणि आईबाप खोटे पडतात म्हणाल्या. हे तर माझ्या डोळ्यासमोर झालं, घरात प्रत्येक वाक्याला अडकणारा गडी तिथं हत्ती-घोडा घडाघडा बोलत बसला, मला तर कुठं तोंड लपवू असं झालं.

मग त्यांनी जे समजावलं ते कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. शंभरातल्या साधारण पाच मुलांना तरी लहानपणी कधी ना कधी हे होतं, बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या मधे सुरू होतं, आणि त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास आपोआप सुटतात. मोठ्या माणसांत राहतं ते शंभरात एकाला. मुळात मेंदूतल्या बोलण्याच्या यंत्रणेची घडण आणि आनुवंशिकता, भीतीनं किंवा आईनं ओरडल्यानं होत नाही. दोन भाषांनी पण होत नाही, कन्नड बंद करायची गरज नाही, पोराचे गल्लीतले सगळे दोस्त त्या भाषेत आहेत ते कशाला तोडता म्हणाल्या. पण कोण सुटणार हे आधी सांगता येत नाही, आणि मुलगा असणं, घरात कुणाला तरी असणं (आमच्या सासऱ्यांचे भाऊ शेवटपर्यंत अडखळायचे), सुरू होऊन वर्षभर उलटणं, ह्या गोष्टी असतील तर नुसती वाट बघत बसू नये. आमच्याकडं तिन्ही.

आता थेरपी. लिडकम नावाची पद्धत आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेली, सहा वर्षांखालच्या पोरांसाठी. आठवड्याला एकदा सेंटरला जायचं, आणि रोज घरी दहा-पंधरा मिनिटं पोराबरोबर बसून गोष्टीचं पुस्तक नाहीतर खेळ घेऊन अशा गप्पा मारायच्या की तो छोट्या छोट्या वाक्यात न अडकता बोलेल, आणि तसं बोलला की तिथल्या तिथं सांगायचं, "छान सरळ बोललास की रे". अडकला तर क्वचित, अगदी सहज, "तिथं जरा अडकलं बघ", बस, चेहरा वाकडा करायचा नाही आणि शब्द आपण पुरा करायचा नाही. कौतुक भरपूर, अडकल्याचं बोलणं अगदी थोडं. ऐकायला एवढं सोपं आहे की फुकटचे पैसे वाटतात. करून बघा. मी पहिल्यांदा बसले तर प्रत्येक वाक्यामागं छान छान म्हणत सुटले, पोरगं वैतागून म्हणालं "गप की गं आई", शिकाऊ मुलगी वहीत काहीतरी लिहीत खुदकन हसली, आणि मॅडमनी मला बाजूला बसवून स्वतः करून दाखवलं. त्यांचं कौतुक गप्पांच्या ओघात येतं, मधे मोकळी जागा असते, पोराला परीक्षा चाललीय असं वाटतच नाही. ते बघून शिकायचे पाचशे रुपये आहेत, हे मग ह्यांनाही कळलं, कारण पुढच्या खेपेला त्यांना बसवलं चटईवर आणि त्यांना पण घाम फुटला.

रोज रात्री एक आकडा लिहायचा, ० ते ९. शून्य म्हणजे अजिबात नाही, नऊ म्हणजे भयंकर. हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एरवी एक वाईट दिवस गेला की आपण म्हणतो काही फरक नाही, पण आकडे बघितले की कळतं, आम्ही सहा-साताला सुरू केलं, आता एक-दोनवर असतो, मधे ताप आला तेव्हा आणि चुलत दिराच्या लग्नात परत पाचवर गेला आणि आपणहून खाली आला. सेशनला पोचलं की आधी आकडे बघतात, मग पोराचं थोडं ऐकतात, मग त्या आठवड्यात घरी काय बदलायचं ते ठरवतात. आकडे शून्य-एकवर टिकले की फेऱ्या हळूहळू लांबवतात, ते अजून आमचं व्हायचंय.

ह्याला पुरावा काय म्हणून ह्यांनी विचारलंच (बँकेतला माणूस). मॅडम चिडल्या नाहीत, प्रिंट काढून दिलं. न्यूझीलंडमधला २००५ सालचा ५४ मुलांचा अभ्यास, लिडकम मिळालेल्या मुलांत नऊ महिन्यांनी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांचं अडखळणं नगण्य झालं, न मिळालेल्यांत ते शंभरात पंधरा होतं. आणि मला आवडलं ते हे की दुसरा, आपल्याच पद्धतीची हवा काढणारा कागद पण दिला, नेदरलँड्समधला २०१५ चा, १९९ मुलांचा, त्यात लिडकम आणि दुसरी एक पद्धत (घरातली घाई कमी करायची, पोरावर बोलण्याचा ताण पडू द्यायचा नाही वगैरे) ह्यांची तुलना केली तर दीड वर्षानं दोन्हीकडची मुलं जवळजवळ सारखीच सुधारलेली. म्हणजे ह्याच पद्धतीत काही जादू नाही, काहीतरी नीट, नियमित आणि वेळेत करणं महत्त्वाचं. असं सांगणारा माणूस विश्वासाचा वाटतो बघा.

सासूबाईंचं एकच, "पोराला बोलून दाखवू नकासा, मनात धरंल." ह्यावर मॅडम अगदी आदरानं बोलल्या, आजी हे जुन्या काळी अमेरिकेतले मोठे प्रोफेसर पण म्हणायचे. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन, स्वतः अडखळायचे, त्यांचं म्हणणं की आईबाप साध्या चुकांना तोतरेपणाचं लेबल लावतात आणि त्यातनंच तो सुरू होतो. ह्याच विचारातनं १९३९ मधे त्यांच्या एका विद्यार्थिनीनं अनाथाश्रमातल्या मुलांवर प्रयोग केला, नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं की तुम्ही अडखळता. ती मुलं तोतरी झाली नाहीत पण काही जण बोलायलाच बुजायला लागली, आणि विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ मधे. अनाथ पोरं मिळाली प्रयोगाला, हे ऐकून सासूबाईंनी जे शब्द वापरले ते इथं लिहिता येत नाहीत. तर हिणवून सांगणं वेगळं आणि प्रेमानं, मोकळेपणानं नाव घेणं वेगळं, पोराला आपलं अडकतंय हे माहीत असतंच, घरात सगळेच गप्प बसले की त्याला ते लाजेचं वाटतं. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं.

शाळेतल्या मिसला पण मॅडमनी स्वतः फोन केला, त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, हजेरीला घाई करू नका, गॅदरिंगला स्टेजवर घ्यायचं का ते त्यालाच विचारा. ह्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. (पोरगा स्टेजवर गेला. गाण्यात ही पोरं सहसा अडकत नाहीत हे पण तेव्हाच कळलं.)

आता तक्रारी. एक, वेळ. पाचचा टाईम दिला की पावणेसहा धरा, शनिवारी तर विचारूच नका, आणि वेटिंगला टीव्हीवर कार्टून मोठ्या आवाजात, ज्या पोरांना शांत बोलायला आणलंय त्यांनाच ओरडून बोलायला लागतंय. सांगितलं की कमी करतात, पुढच्या वेळी परत तेच. दोन, आकड्यांचा तक्ता आणि घरच्या सूचना फक्त इंग्लिशमधे, मेसेज येतात ते कन्नडमधे. दिवसभर पोराजवळ असतात सासूबाई, त्यांना ते काय उपयोगाचं? शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडा लिहायला शिकवलं, आता माझ्या आधी त्यांचाच आकडा पडलेला असतो, आणि माझ्यापेक्षा एकानं कमी, नातू ना! मॅडमना दाखवलं, त्यांनी फोटो काढून घेतला, पण मराठी तक्ता अजून आलेला नाही. बेळगावात बसून हे बरोबर नव्हे. तीन, शिकाऊ मुली सारख्या बदलतात. त्यांनाही शिकायचंय, मान्य, पण पोराला एक ताई आवडायला लागते आणि ती जाते. निदान आधी सांगा. चार, दहा सेशनचे पैसे एकदम भरले तर सूट आहे, पण सेशन चुकलं तर पुढं ढकलायला काऊंटरवरची बाई फार वाद घालते. मी आता एकेका सेशनचेच देते.

कुठंही गेलात तरी एक बघा, भिंतीवर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं (थेरपिस्टांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन लावलेलं पाहिजे, नसेल तर नंबर मागा, त्यात संकोच नको. इथं फ्रेम करून लावलंय. मॅडम म्हैसूरच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंगमधे (एआयआयएसएच) शिकलेल्या, १९६५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, वाचा आणि श्रवण ह्याच विषयाची, ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी तिथं पण चौकशी करावी, लांब आहे पण रेल्वेनं जाता येतंय.

मोठ्या मुलांसाठी हे असंच चालत नाही हे पण लिहिते, कारण माझ्या निपाणीच्या नणंदेनं ऐकून लगेच अकरा वर्षांच्या पुतण्याचं विचारलं. त्या वयाला आपोआप सुटायची शक्यता खूप कमी झालेली असते, तिथं हळू सुरवात करून बोलायचं तंत्र, वर्गातली चिडवाचिडवी, फोनवर बोलायची भीती अशा गोष्टींवर काम करतात आणि पोराशी थेट बोलतात, आईबाप जरा मागं. त्याचं पहिलं सेशन सेंटरला, मग एकाआड एक ऑनलाईन असं ठरवून दिलंय. निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्यांनी फोनवरच हे विचारून घ्या, स्वतःहून सांगत नाहीत, आणि शक्यतो बुधवार-गुरुवारची सकाळ मागा, तेव्हा मॅडम स्वतः असतात आणि टीव्ही पण बंद असतो. पाचपैकी चार स्टार.