गुलाबासाठी तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतर

मे अखेरीस गच्चीवरच्या गुलाबाच्या कुंड्या रिकाम्या करून नव्यानं भरल्या. मिश्रण मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये चालतं त्या धर्तीचं: सात भाग तांबडी माती, दोन भाग शेणखत, एक भाग भाताचं तूस. वर कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. पुण्याचा पावसाळा आणि थंडी बघून झाल्यावर खात्रीनं सांगते, कुंडीतल्या गुलाबासाठी याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही.

आधी काळी माती होती. कपाशीला ती उत्तम, पण कुंडीत पावसात चिखल आणि उन्हात भेगा. शिवाय आपल्याकडे ती बहुधा चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्ल-विम्लता) आठच्या आसपास. गुलाबाला ६ ते ६.५ मानवतो. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती विकत घेण्याआधी चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, घेऊ नका.

खरा कस जुलैच्या झडीत लागला. एकाही कुंडीत पाणी तुंबलं नाही. ओली माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोट लावताच फुटतो, अजूनही. ऑक्टोबरात छाटणी केली. ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाला जाड, तांबूस फुटी आल्या आणि दीडेक महिन्यात कळ्या.

शेजारीच कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) तयार मिश्रणाच्या दोन कुंड्या ठेवल्या होत्या. उचलायला हलक्या, पण पावसात सतत ओल्या. आणि एकदा पूर्ण सुकल्या की पाणी कडेनं निघून जातं, मुळाशी कोरडंच. डिसेंबरपर्यंत मिश्रण चार बोटं खचलं. मोगऱ्याचं माहीत नाही, गुलाबाला मी ते पुन्हा देणार नाही.

शेणखताबाबत तडजोड नको. भुसभुशीत, मातीसारखा वास येणारं, पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या खतानं मुळं जळतात, वर त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते.

उणिवा दोन. चौदा इंची भरलेली कुंडी एकट्यानं हलत नाही, त्यामुळे बाल्कनीवाल्यांनी वजनाचा विचार आधी करावा. आणि तांबडी माती मुळात कसाला हलकी, खत धरून ठेवत नाही. दर महिन्याला थोडं गांडूळखत द्यावंच लागतं. भर घालताना कलमाचा डोळा (कलम बांधलेला सांधा) मातीखाली जाऊ देऊ नका.